तिकडचे काका

विमान अजून उतरायचं होतं. खाली अंदमानची बेटं दिसायला लागली: मध्ये गर्द जंगल, कडेला वाळूची पांढरी रेघ, तिच्या बाहेर पोपटी पाणी आणि मग एकदम खोल निळं. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या माना खिडक्यांकडे वळल्या. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक शांत, जबाबदार आवाज आला, "तिकडे आगत्तीला विमान उतरताना दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. मध्ये नुसती धावपट्टी."

वळलेल्या माना परत सरळ झाल्या. अंदमानच्या वतीने आम्हालाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

पट्ट्यावर बॅगा येईपर्यंत त्यांचं नाव पडलेलं होतं: तिकडचे काका. बॅगांच्या पट्ट्याबद्दलही त्यांचं काही म्हणणं होतं, पण ते कोचीन विमानतळाच्या बाजूने होतं.

भरघोस करडी मिशी, डोक्यावर कापडी टोपी आणि आठ खिशांची पँट. त्यातल्या एका खिशात तीन मीटरची स्टीलची टेप. हॉटेलात खोली मिळाल्यावर लोक आधी बाथरूम बघतात. काकांनी पलंग मोजला. "सहा बाय पाच," त्यांनी काकूंना सांगितलं. "तिकडे म्हैसूरला सव्वासहा होता."

या टेपेचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सरकारी कागदावर त्या खात्याला वैधमापनशास्त्र म्हणतात, पण बाजारात अजून "वजनमापेवाले आले" अशीच बोंब उठते. निरीक्षकाचं काम दिसायला सोपं. दुकानात शिरायचं, दुकानदाराचं वजन एका पारड्यात ठेवायचं आणि आपल्या पेटीतलं प्रमाण वजन दुसऱ्यात. काटा मध्यावर राहिला, तर वजनाच्या पोटात भरलेल्या शिशावर शिक्का. नाही राहिला, तर जप्ती. निरीक्षकाची पेटीसुद्धा वरच्या पेटीशी ताडून घ्यावी लागते, ती त्याहून वरच्या पेटीशी. असं चढत चढत ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ५७ क्रमांकाच्या किलोग्रॅमपर्यंत जातं आणि तिथून पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या मूळ किलोग्रॅमपर्यंत. २०१९ च्या मे महिन्यात जगाने त्या मूळ किलोग्रॅमला सेवेतून मुक्त केलं आणि किलोची व्याख्या एका भौतिक स्थिरांकावर बसवली. काकाही त्याच महिन्यात निवृत्त झाले. हा योगायोग ते फार गांभीर्याने सांगतात. पॅरिसच्या सहकाऱ्याला शाल-श्रीफळ मिळालं नसणार, एवढीच त्यांना हळहळ आहे.

उभ्या हयातीत या माणसाने एकही वस्तू नुसती पाहिलेली नाही. दुसऱ्या पारड्यात काहीतरी असल्याशिवाय त्यांना पाहताच येत नाही. अंदमानला आगत्ती होतं. काकू सांगत होत्या, आगत्तीला गेले तेव्हा मालदीव होतं. मालदीवला मुलाने नेलं, तिथल्या काचेसारख्या पाण्याकडे बघून हे म्हणाले, तिकडे तारकर्लीला पाण्यातून बाहेर आलं की गरम बांगडा मिळतो. आणि तारकर्लीला असताना याच माणसाने बांगड्यात मीठ जास्त असल्याची तक्रार करून गोव्याचं नाव घेतलं होतं.

"मग सगळ्यात पहिलं कुठलं?" कोणीतरी विचारलं. म्हणजे काकांचं पॅरिस कुठलं?

"लग्नानंतर माथेरानला गेलो होतो," काकू म्हणाल्या. "स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाले, तिकडे महाबळेश्वरला हवा जास्त थंड असते. मला वाटलं, माणूस फिरलेला दिसतोय. पुढे कळलं, महाबळेश्वर त्यांनी तोवर पाहिलेलंच नव्हतं."

एका सकाळी आमची मिनीबस वंडूरला निघाली. वंडूर पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर, दक्षिण अंदमानच्या पश्चिम किनाऱ्याला. शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, पण ड्रायव्हर, बोटवाले आणि आमचा छापील कार्यक्रम हे सगळे अजून पोर्ट ब्लेअरवरच आहेत. किनारा जवळ आला तसे मोठमोठ्या झाडांचे वाळलेले बुंधे दिसायला लागले, काही उभे, काही आडवे. ड्रायव्हर सांगायला लागला. डिसेंबर २००४ च्या भूकंपात इकडची जमीन मीटरभर खाली बसली, समुद्र आत शिरला आणि खाऱ्या पाण्याने झाडं मेली. काकांनी तोंड उघडलं, पण ड्रायव्हरच पुढे म्हणाला, "और उधर नॉर्थ में ज़मीन ऊपर आ गई. कोरल पानी के बाहर आके सूख गया." काकांनी तोंड मिटलं. त्यांचं 'तिकडे' दुसऱ्याने परस्पर आणून दिलं, की त्यांची फार पंचाईत होते.

किनाऱ्यावर मगरींपासून सावध राहण्याची पाटी होती. काकांनी ती वाचली, पाण्याकडे थोडा वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तिकडे चिपळूणला वाशिष्ठीत मगर दिसते. इथे नुसतीच पाटी." ग्रुपमधल्या एका पोराने सांगितलं, की वाशिष्ठीतली मगर वेगळी आणि इथली खाऱ्या पाण्यातली वेगळी, ही जगातली सगळ्यात मोठी. "मोठी असेल," काका म्हणाले, "पण हजर नाही."

जेट्टीवर वनखात्याची तपासणी होती. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली झालं. त्यात पंधरा बेटं आणि २८१ चौरस किलोमीटर पसारा. पण पर्यटकाला पाय ठेवता येतो तो जॉली बॉय आणि रेड स्किन या दोनच बेटांवर, आणि तोही आळीपाळीने. पावसाळा सरल्यावर उन्हाळ्यापर्यंत जॉली बॉय, पुढे पावसाचे महिने रेड स्किन. एक बेट पर्यटक सोसतं तेव्हा दुसरं अंग टाकून विश्रांती घेतं. दोन्हीकडे प्लास्टिकला बंदी, आणि ही बंदी नुसती पाटीवर नाही. वनरक्षक एकेकाची बॅग उघडून बघत होता. पाण्याच्या बाटल्या निघाल्या, बिस्किटांचे पुडे निघाले, लसूणचिवड्याची पाकिटं निघाली. ठाण्याच्या एका मावशींच्या पर्समधून प्लास्टिकची पिशवी निघाली, त्या पिशवीत दुसरी पिशवी, त्या दुसरीत तिसरी. "लागते हो कधीतरी," मावशी म्हणाल्या. वनरक्षकाच्या आईच्या घरीही गादीखाली असाच साठा असावा, कारण तो काही बोलला नाही. त्याने फक्त पिशव्या काढून घेतल्या.

काका त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, हात मागे बांधून. जुन्या खात्यातला माणूस दुसऱ्याची तपासणी बघतो ती अशीच. "तिकडे आम्ही बाजारात जायचो ते अचानक," ते त्याला म्हणाले. "यहाँ तो सबको पहले से मालूम है."

"अंकल, आपकी जेब," वनरक्षक म्हणाला.

सातव्या खिशातून बडीशेपेची पुडी निघाली. प्लास्टिकची. जप्तीच्या पलीकडच्या बाजूला काका आयुष्यात पहिल्यांदा उभे होते. त्यांनी अतिशय धीराने पावती मागितली. काकूंनी मात्र पोळ्या आणि भाजी स्टीलच्या डब्यात, चिवडा दुसऱ्या डब्यात आणि पाणी तांब्याच्या बाटलीत आणलं होतं. त्यांची बॅग उघडून वनरक्षकाने नमस्कार केला.

बोट खाडीतून निघाली. दोन्हीकडे पाण्यात मुळं रोवून उभी तिवरं, वर एका उंच झाडावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. काकांनी आकडे काढले. देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान कच्छच्या आखातात, १९८२ चं. तिकडे जामनगरजवळ नराऱ्याला ओहोटीच्या वेळी पायी चालत प्रवाळ बघता येतात, बोटीचा खर्च नाही. आपलं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, एकोणतीस चौरस किलोमीटर.

"म्हणजे हे त्याच्या जवळजवळ दहापट," तो मघाचा पोरगा म्हणाला.

"क्षेत्रफळाने आहे," काका म्हणाले. "पण तिकडे मध्ये सिंधुदुर्ग किल्ला आहे."

महाराज पारड्यात उतरल्यावर पुढे कोण बोलणार? बोटीत शांतता झाली.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट लांबच थांबते आणि तळाला काच लावलेल्या छोट्या बोटीतून माणसं किनाऱ्यावर नेतात. बेटावर हॉटेल नाही, टपरी नाही, मुक्काम नाही. काचेखालून प्रवाळ सरकायला लागले: हरणाच्या शिंगांचे ताटवे, मेंदूच्या वळ्यांचे गोळे, टेबलाएवढ्या थाळ्या. बहुतेक सगळे तपकिरी, कुठे पिवळट, कुठे हिरवट. काकांचा चेहरा पडला.

"टीव्हीवर रंग जास्त होते," ते म्हणाले. काकांचं तिकडे म्हणजे दर वेळी गावच असलं पाहिजे असं नाही, ते दिवाणखान्याच्या भिंतीवरही असू शकतं.

आमचा गाईड पन्नाशीचा, पूर्व बंगालमधून येऊन इथे वसवलेल्या निर्वासितांच्या घरातला. त्याने हे वाक्य आधी शेकडो वेळा ऐकलेलं असणार. त्याने समजावलं. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. थोडं खोल गेलं, की लाल वस्तूही काळपट दिसते. टीव्हीवाले खाली दिवे नेतात. आणि तपकिरी असणं हीच जिवंतपणाची खूण. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, टाचणीच्या डोक्याएवढ्या हजारो प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं आणि यजमानाला वाढतं. तपकिरी रंग या भाडेकरूचा. भाडेकरू गेला, की घर पांढरं पडतं.

"सफ़ेद सुंदर दिखता है, अंकल," गाईड म्हणाला, "पर वो भूखा है."

किनाऱ्यावर स्नॉर्केलचं सामान वाटलं गेलं: डोळ्यांना-नाकाला झाकणारा मुखवटा आणि तोंडात धरायची नळी. काकांचा मुखवटा बसेना. रबराची कड ओठांवर घट्ट टेकावी लागते आणि तिथे काकांची मिशी आडवी आलेली. फटीतून पाणी आत. गाईडने पट्टा आवळून पाहिला, मुखवटा बदलून पाहिला. शेवटी तो म्हणाला, मिशी काढली तर प्रश्न मिटेल. काकूंनी लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ही सूचना दुसऱ्याच्या तोंडून ऐकली आणि त्या वाळूत बसून पदरात तोंड लपवून हसल्या. अखेर मिशीला व्हॅसलिन चोपडलं गेलं. मुखवट्याच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून चोळायचं असतं, हेही काकांना सांगण्यात आलं. "तिकडे मालदीवला यासाठी स्प्रे देतात," ते म्हणाले आणि थुंकले.

मग गाईडने त्यांच्या तोंडात नळी दिली.

काय झालं हे कळायला आम्हाला दोन मिनिटं लागली. बोलणं थांबलं होतं. नळीचं रबर दातांत धरायचं, ओठ मिटायचे आणि श्वास तोंडाने घ्यायचा. बोलायला गेलं, की पाणी आत. जगातल्या कुठल्याही यंत्राने जे केलं नव्हतं, ते त्या वाकड्या प्लास्टिकच्या नळीने केलं. ठाण्याच्या मावशींनी नळीची किंमत विचारून घेतली.

पोहता न येणाऱ्यांना गाईड एका रबरी चकतीला धरून ओढत नेतो. काका एका बाजूला, काकू दुसऱ्या. मीही मागे होतो. पाण्याखाली पहिल्यांदा लक्ष गेलं ते आवाजाकडे. करकर, कटकट, बारीक दळण चालल्याचा आवाज. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा दगड खरवडत होते. त्यावरचं शेवाळ ते पचवतात आणि उरलेला चुना वाळू होऊन मागून बाहेर पडतो. त्याचा पुरावा आमच्या डोळ्यांदेखत एका माशाने दिला. मोठा पोपटमासा अशी वर्षाला शेकडो किलो वाळू काढतो. बाहेर आल्यावर काकूंना हे समजलं तेव्हा त्या ज्या शुभ्र वाळूवर "काय मऊ आहे गं" म्हणत पाय पसरून बसल्या होत्या, तिथून घाईने उठल्या.

समुद्रफुलाच्या झुबक्यात नारिंगी क्लाउनफिशचं बिऱ्हाड होतं. दुसऱ्या माशाला डसणाऱ्या त्या झुबक्यात हे निवांत राहतात. घरातली सगळ्यात मोठी ती मादी, बाकी सगळे नर. मादी मेली, की तिचा नवराच मादी होऊन घर चालवायला घेतो. काकू नंतर म्हणाल्या, "म्हणजे मेल्यावर का होईना, कळतं तरी." पुढे दगडांत रुतलेला हातभर लांबीचा महाकाय शिंपला, ओठांवर निळी-जांभळी नक्षी. आमची सावली पडताच त्याने ते ओठ आत ओढले. माहेर मालवणचं असल्यामुळे काकूंच्या मनात पहिला विचार वेगळाच आला: एवढ्या एका तिसरीत अख्खं घर जेवलं असतं. गाईडने त्यांना सांगितलं, की हा शिंपला आणि हे प्रवाळ दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदोपत्री वाघाच्या पंगतीला.

आणि काका? काकांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. नळीच्या वरच्या टोकातून "ऊ-ऊ-ए" असा तीन अक्षरी भोंगा वाजला. काय म्हणताहेत ते सगळ्यांना कळलं. मग ते थांबले. त्यांनी हात लांब केला आणि बोट दाखवलं: एक जाडजूड मासा खडकाच्या कपारीत आ वासून स्तब्ध उभा होता आणि बोटभर लांबीचा निळा मासा त्याच्या जबड्यात शिरून दात साफ करत होता. या वेळचं तिकडे सहा फुटांवर होतं.

त्यांना पाण्याबाहेर काढायला गाईडला चार हाका माराव्या लागल्या.

नळी निघाली तसा आवाज परत आला. "केवढा शिंपला तो! तीन फूट तरी असेल!" काकांच्या तोंडून तिकडेविना वाक्य आलं म्हणून आम्ही सगळे वळलो. गाईड हसला. पाण्याखाली मुखवट्याच्या काचेतून वस्तू जवळ दिसते आणि एक तृतीयांश मोठी दिसते, असं तो म्हणाला. काकांनी गणित केलं. त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला.

"म्हणजे अख्ख्या समुद्रात माप खोटं? दाखवायचं चार आणि द्यायचं तीन? दुकान असतं तर खटला भरला असता!"

डबे उघडले गेले. पोळीचा घास तोंडात असताना काका म्हणाले, "तिकडे मालदीवला मासे संख्येने जास्त." यावर गाईड जे म्हणाला त्याची त्यांना सवय नव्हती. तो म्हणाला, "अंकल, यहाँ भी ज़्यादा था. आपने पहले का देखा नहीं."

काका घास गिळायचे थांबले. तुलना करणारे लोक त्यांना आयुष्यात भेटले होते. पण एका जागेला दुसऱ्या जागेशी न तोलता त्याच जागेच्या जुन्या दिवसांशी तोलणारा माणूस, तोही चालू कामात, त्यांना नवा होता. गाईड सांगत गेला. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी नेहमीपेक्षा गरम झालं आणि बरंच टिकलं. भाडेकरू शेवाळ बाहेर पडलं. हे सगळं पांढरं झालं. काही सावरलं, पुष्कळ मेलं. २०१६ ला पुन्हा तेच. दगडासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो, मग भरून यायला किती वर्षं लागणार ते तुम्हीच काढा. आता येणारे म्हणतात, वा, काय सुंदर. सुंदर आहेच. पण त्यांना वाटतं, हे असंच होतं.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये हीच गोष्ट मांडली होती. प्रत्येक पिढी आपण तरुणपणी पाहिलेला समुद्र मूळ धरते आणि तिथून घट मोजते, म्हणून आधी झालेली घट कोणाच्या हिशेबात येतच नाही. काकांनी पॉलीचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्यांना पॅरिस माहीत होतं. मूळ किलोग्रॅम आणि त्याच्या प्रती शंभर वर्षांनी एकमेकांशी ताडल्या, तेव्हा त्यांच्यात अर्ध्या कोट्यंशाच्या आसपास फरक पडलेला निघाला, आणि खुद्द मूळ वजन हलकं झालं की प्रती जड झाल्या हे सांगायची सोयच नव्हती, कारण किलो म्हणजेच ते वजन. त्याला निवृत्त करण्यामागचं हे एक मोठं कारण.

"मूळ वजनच झिजलं तर शिक्का कशाच्या आधारावर मारायचा?" काका म्हणाले. आम्ही पोळी खात होतो, ते उभे राहिले होते. "लिहून ठेवलंय का कुठे?"

"साइंटिस्ट लोग लिखते हैं, अंकल. मैं तो बोटवाला."

"बोटवाल्याचा जबाब नको?"

आणि तिथे, हिंदी महासागरातल्या त्या निर्मनुष्य बेटावर, काकांनी सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर पंचनामा लिहायला घेतला. "समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, मी सदर ठिकाणी गेली अठ्ठावीस वर्षे बोट चालवीत असून, सन २०१० चे उन्हाळ्यात समुद्राचे पाणी तापल्याने सदरहू प्रवाळ पांढरे पडले. त्यापूर्वी उत्तरेकडील बाजूस प्रवाळाची उंची अंदाजे..." इथे गाईडने कमरेपाशी हात धरला आणि काकांनी टेप काढून तो हात मोजला. ९४ सेंटिमीटर. "सदरची मोजणी पाण्याबाहेर केली असल्याने एक चतुर्थांश वजावट करण्यात आलेली नाही." खाली गाईडची सही. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून मजकूर हिंदीत वाचून दाखवल्याचा शेराही काकांनी घातला. पंच म्हणून ठाण्याच्या मावशी आणि मी. मावशींनी सही करताना विचारलं, "कोर्टात यावं लागेल का?"

परतीच्या बोटीत पाच वाजायच्या सुमाराला सूर्य टेकला. घड्याळ भारताचं, पण सूर्य ब्रह्मदेशाच्या शेजारचा. "तिकडे मुंबईला अजून तासभर उजेड असेल," काका म्हणाले. म्हणजे गाडी रुळावर आली होती. मी न राहवून विचारलं, "काका, जॉली बॉय कसं वाटलं?"

"ठीक आहे," काका म्हणाले.

मी काकूंकडे पाहिलं. काकू डबे पुसत होत्या. "त्यांना आत्ता विचारू नका," त्या म्हणाल्या. "एखादं ठिकाण त्यांना आवडलं की नाही, ते पुढच्या ठिकाणी कळतं. माथेरान किती आवडलं, ते मला उटीला समजलं. आणि माझ्या स्वयंपाकाचं कौतुक मी सुनेच्या पहिल्या आमटीच्या दिवशी ऐकलं."

पुढचं ठिकाण आलं. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, आणि तिथली एलिफंट बीच. पाणी तसंच निळं, पण काठावर जेट-स्की, केळ्याच्या आकाराची रबरी नाव, तिच्यावरून किंचाळत पडणारी माणसं, वडे, नारळ. काकांनी कोणी न सांगता मिशीला व्हॅसलिन लावलं. पाण्यात गेले, पंधरा मिनिटांनी वर आले. आम्ही सगळे काठावर, कोणी हलेना. त्यांनी नळी काढली, मुखवटा कपाळावर चढवला, मिशीवरून पाणी निपटलं.

"तिकडे जॉली बॉयला," काका म्हणाले, आणि ग्रुपमध्ये जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्याने जेट-स्कीवाला वळून बघायला लागला. काकांना टाळ्यांचं कारण कळलं नाही. ते बोलतच राहिले. तिकडे शांतता होती. तिकडे प्रवाळ जास्त होते. तिकडे खिशातली बडीशेपसुद्धा काढून घेतात, आणि पावती मागितली तर हसत नाहीत. तिकडचा गाईड पुढचं-मागचं सांगतो. त्यांनी इथल्या गाईडला गाठलं आणि विचारलं, २०१० पूर्वी इथे काय होतं? तो वीस-बावीस वर्षांचा पोरगा. म्हणाला, "अंकल, तब तो मैं स्कूल में था."

"तुझा जबाब बाद," काका म्हणाले आणि म्हातारा गाईड शोधायला किनाऱ्याने चालायला लागले, टेप हातात घेऊन.

शेवटच्या दिवशी टूर मॅनेजरने अभिप्रायाचे छापील कागद वाटले. जेवण कसं होतं, हॉटेल कसं होतं, एकंदर सहल कशी वाटली. सगळ्यांनी चांदण्यांवर खुणा केल्या. काका बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले होते. मॅनेजरने कागद गोळा करताना त्यांचा कागद दोनदा वाचला आणि काही न समजून काकूंच्या हातात दिला. सगळे रकाने कोरे होते. तळाला, सहीच्या वर, सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती: "अभिप्राय पुढील सहलीनंतर कळविण्यात येईल."